देवी आणि डावा कप्पा

दोन हजार सालाच्या आगेमागे मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत माणसांच्या हृदयाचे तुकडे बघायचं काम करत होते. तुकडे म्हणजे तांदळाच्या कणीएवढे. झडपेचं ऑपरेशन करताना डॉक्टर, पेशंटला विचारून, हृदयाच्या भिंतीतून एवढीशी कणी काढत आणि आमच्याकडे पाठवत. आम्ही तिचे पातळ काप करायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. जिवंत स्नायू लाल दिसतो आणि व्रण निळा. निळं जितकं जास्त तितकं ते हृदय थकलेलं.

गावी गेले की जो तो विचारायचा, "काय काम करतंस गो तू?" मी सांगायची, "हृदयावर व्रण का पडतात ते शोधते." यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्याला शोधायचा काय? लगीन कर, कळंल." डोळखांबच्या बाजूला आमचा पाडा. तिथं विज्ञानाचा मान ठेवतात, पण हातातलं काम सोडून नव्हे.

मी शिकत होते ते थोडक्यात असं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं, त्या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. काही लोक जन्मतःच दोन पाकळ्या घेऊन येतात. वय झालं की त्या पाकळ्यांवर चुना साचतो, दार उघडेनासं होतं, आणि डाव्या कप्प्याला बंद दारावर खांदा लावून रक्त ढकलावं लागतं. ढकलून ढकलून भिंत जाड होते. ताणाखालच्या पेशी निरोप सोडतात, त्यातला एक मोठा निरोप्या म्हणजे टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन. त्याचा निरोप मिळाला की एरवी गुमान बसलेल्या तंतुपेशी कामाला लागतात आणि स्नायूंच्या मधेमधे कोलॅजनचे दोर विणत सुटतात. जखम भरायला हीच मंडळी उपयोगी. इथं जखम नसते, पण त्यांना थांबा म्हणणारंही कोणी नसतं. शेवटी डागडुजीनंच हृदय कडक होतं.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना या टीजीएफची वाट अडवणारं औषध दिलं की त्यांची हृदयं छान राहायची. माणसांसाठी असं काही नव्हतं. माझ्या गावी उंदराला विषाच्या गोळ्या घालत आणि मुंबईत मी त्याच्या हृदयाची काळजी वाहत होते. आई हे ऐकून एवढंच म्हणाली, "तिकडचे उंदीर नशीबवान."

आता बाबांविषयी. बाबा स्वभावानं अतिशय गरीब. थोडी भातशेती, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, आणि तोंडात शब्द नाही. घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, म्हणजे सगळ्यांचं बोलून झाल्यावर ते बोलत, आणि तोवर जे ठरायचं ते ठरून गेलेलं असे. आईकडे चहा मागायचा तर ते आधी खोकत. आई म्हणायची, "खोकताय कशाला, तोंड नाय?" आणि तरी चहा यायला वेळ लागायचा.

अशा माणसाकडे देवीच्या सोंगाचा मान होता. होळीनंतर आमच्याकडे बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची सोंगं निघतात, जड लाकडी मुखवटे लावून संबळ-सनईवर नाचतात. प्रत्येक सोंग एकेका घराण्याचं. देवी आमच्या घराची, आणि तिच्या हातून मरणारा महिषासुर बाबांच्या चुलतभावाच्या, म्हणजे माझ्या काकांच्या घराचा. शेवटच्या दिवशी सकाळी देवी निघते, दारोदार ओवाळून घेते आणि ऊन चढता चढता देवळापुढच्या पटांगणात महिषासुराला मारते. तो मेला म्हणजे साल नीट जाणार. देवीचं सोंग पुरुषानंच घ्यायचं, बाईनं नाही, अशी रीत आहे. देवीला हे चालतं का, हे कोणी तिला विचारलेलं नाही.

लागोपाठ दोन वर्षं परीक्षा नाहीतर प्रयोग, यामुळे मला बोहाड्याला जाता आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी आईनं वाण्याच्या दुकानातून फोन केला. आवाज गावभर ऐकू जाईल असा.

"ऐकलंस का गो? तुझ्या बापाच्या अंगात देवी येते आता! गेल्या साली आली, औंदाबी आली. नाचता नाचता धाडकन पडतात. शुद्धच नसते."

"पडतात म्हणजे?"

"पडतात म्हणजे पडतात! लोकं नारळ ठेवतात. मी सोता पाया पडली."

"आणि महिषासुर?"

"तो काय करंल? वाट बघून बघून मरतो आपला."

खरंच तसं होत होतं. देवी तलवार उगारायच्या आतच आडवी व्हायची. राक्षस जिवंत ठेवणं तर परवडण्यासारखं नव्हतं. मग गावानं तोड काढली, की देवी अंगात आली म्हणजे राक्षसानं समजून उमजून मरायचं. काका बिचारे एकटेच गिरकी घेत, स्वतःच ओरडत आणि मातीत पडत.

तिसऱ्या वर्षी मी गेले. पटांगण भरलेलं होतं. संबळ चढत गेला, बाबा दोन्ही हातांत तलवारी घेऊन गिरक्या घेऊ लागले आणि एकाएकी, तोडलेलं झाड पडावं तसे, हात टेकायचंही भान न राहता पडले. संबळ थांबला. बायका पुढे धावल्या, एकीनं विचारलं, "आये, माझा पोरगा कामावरनं परत कधी यायचा?" दुसरीनं म्हशीचं विचारलं. बाबांचे ओठ हलले. ते म्हणाले, "पाणी." म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघून समाधानानं मान हलवू लागली, पाऊसपाणी चांगलं होणार म्हणून. मी गर्दी ढकलत पोचले, मुखवटा उचलला. चेहरा राखेसारखा, ओठ पांढरे. मनगट धरलं तर नाडी लागता लागेना. ती होती, पण चोरासारखी हळूच येऊन हळूच जात होती.

अगदी पानापानांवर वाचलेला रोग होता तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं मी मुंबईत बसून परक्या माणसांची हृदयं रंगवत होते आणि माझ्या बापाच्या हृदयाला गाव नारळ वाहत होतं. मला राग आला, कोणावर ते मात्र ठरवता येईना.

घरी येऊन खोदून विचारलं तर कळलं, भाताच्या राबाला जाळायचा कवळाचा, म्हणजे तोडलेल्या डहाळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढताना बाबा दोनदा असेच बसले होते. मी म्हटलं, "तेव्हा तर सोंग नव्हतं!" आई शांतपणे म्हणाली, "देवी शेतातबी येते. तिला काय सुट्टी हाय?"

मी बाबांना शहापूरला डॉक्टरकडे नेलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग मला म्हणाला, "झडप आहे. मोठा आवाज आहे. तुम्ही काय करता?" मी काय करते ते सांगितलं. तो चिठ्ठी लिहिताना उगाच खाली बघून हसला. मुंबईत सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय दिसलं. पाकळ्या दोनच, त्यावर चुना, कप्प्याची भिंत जाडजूड. मोठे डॉक्टर म्हणाले, चक्कर येऊन पडायला लागलेत म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही. झडप बदला. नाहीतर एखाद दिवशी पडतील ते उठणार नाहीत.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आई घाबरली, पदर तोंडाला लावून बसली. पण देवीचं काम म्हणून तिनं एक अट घातली, आधी वैशाखऱ्याच्या भगताला विचारायचं. मला वाटलं, झालं! आता तो नको म्हणणार आणि मी जन्मभर कपाळ बडवत बसणार. तरी गेलो. एसटीनं मुरबाड, तिथून माळशेजच्या रस्त्यानं वैशाखरे. भगत खाटेवर बसून सुपातले दाणे निवडत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दाणे टाकले, मोजले, पुन्हा टाकले.

"करा ऑपरेशन," तो म्हणाला. "देवीची कायबी हरकत नाय."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तेवढ्यात तो बाबांकडे वळून म्हणाला, "तुमी देवीची काळजी करू नका. तिला झाडांचा काय तोटा? तुमचा अंग बंद झाला तर ती दुसरा झाड बघंल."

ज्याच्या अंगात देवी येते त्या माणसाला आमच्याकडे झाड म्हणतात. भगतानं दिलासा द्यायला सांगितलं आणि तिथंच घात झाला. परतताना मुरबाडच्या स्टँडवर बाबांनी चहा घेतला नाही. न खोकता समोर आलेला चहा, तरी नको म्हणाले. घरी पोचल्यावर खुंटीला टोपी लावत त्यांनी जाहीर केलं, "मला नाय करायचा ऑपरेशन."

जन्मात पहिल्यांदाच ते सगळ्यांच्या आधी बोलले होते.

मी समजावायला बसले. टीजीएफ, कोलॅजन, तंतुपेशी, सगळं काढलं. ते ऐकत होते, पण डोळे गोठ्याकडे. मग मला आमच्या देवळाचा जीर्णोद्धार आठवला. गावच्या कमिटीनं आधी गाभाऱ्याला एक थर सिमेंट लावलं, मग फरशी, मग फरशीवर नवी फरशी, मग आतून कमानी. करता करता गाभारा एवढा उरला की पुजाऱ्याला आडवं होऊन शिरावं लागायचं. कमिटी तरी थांबायला तयार नव्हती, कारण नवीन काम काढलं नाही तर कमिटी कशाला?

"तुमच्या हृदयात अशी कमिटी बसलीय," मी म्हटलं. "दार अडलंय म्हणून ती भिंतीला थरावर थर देतेय. आतली जागा संपत चाललीय. आधी दार मोकळं केलं की काम थांबेल. उशीर केला तर लावलेलं सिमेंट निघायचं नाही."

हे मात्र बाबांना लगेच समजलं. कमिटीचा त्यांना अनुभव होता. "म्हंजे जीव आता आडवा होऊन शिरतोय," ते म्हणाले.

"तेच. मग करायचं ना?"

"नाय."

"अहो, का पण?"

त्यांनी आई चुलीपाशी आहे ना, हे वाकून बघितलं आणि आवाज उतरवला. "पोरी, सबंध सालातनं मला कोण इचारतो सांग. एक दिवस गाव माझ्यासमोर उभा राहातो. तुझी आई माझ्या पाया पडते. माझ्या! झडप बदलली आन देवी गेली दुसऱ्याकडं, तर मला काय ऱ्हायला?"

प्रयोगशाळेत असल्या प्रश्नावर कोणी निबंध लिहिलेला नव्हता. मी चिडून म्हटलं, "जीव राहील की!" ते म्हणाले, "तो तर असाबी हाय." मग मी भांडले, रुसले, जेवले नाही. आईनं तोंड सोडलं. बाबांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं, पण या खेपेला ठरलं ते त्यांचंच.

शेवटी धावून आला महिषासुर. काका एका दुपारी ओटीवर येऊन बसले, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि एकदम तडकले.

"दादा, मला तुझा राग येतो, खरा सांगतो."

"काय झाला रं?"

"काय झाला? तीन सालं मी आपला आपण मरतोय! माझा बाप तुझ्या बापाच्या हातनं मरला. त्याचा बाप त्याच्या बापाच्या हातनं. कसं दणकून मरायचे! आन मी? तू पडतोस, लोकं तुझ्याकडं धावतात, मी हिकडं मरून पडलोय त्याचा कुणाला पत्ताच नाय. गेल्या टायमाला एक बाई माझ्या पोटावर पाय देऊन गेली. महिषासुर काय जीव देतो काय रे कधी?"

बाबा हसायला लागले. काका हसले नाहीत.

"तुला पोरगा नाय. तू गेलास तर देवी कुठल्या घरात जायची ती जाईल, पण मी परक्याच्या हातनं मरायचा नाय, सांगून ठेवतो. ती देवी येवो नायतर न येवो, तू मला एक डाव नीट मार. त्यासाठी तरी जग, भाड्या!"

एवढं बोलून तो दांडगा माणूस ओटीवर ढसाढसा रडला. बाबा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आईनं न मागता दोघांना चहा आणला. बाबांनी बशीत ओतून अर्धा पिऊन झाल्यावर मला म्हटलं, "कधी जायचा मुंबईला, इचार."

सगळ्या रेणूंवरचं माझं शिक्षण एका बाजूला, आणि एका राक्षसाची मरायची हौस दुसऱ्या बाजूला. जिंकलं कोण ते सांगायला नको.

ऑपरेशन नीट पार पडलं. जुनी झडप काढून धातूची बसवली. भिंतीतली कणीही काढली, बाबांनी अंगठा न उठवता सही करून परवानगी दिली होती. "तुझ्या कामाला येत आसंल तर मोठी कणी घ्यायला सांग," असंही सांगितलं. ती कणी आमच्याच प्रयोगशाळेत आली. कोणाची कुठली हे आम्हाला कळत नसे, पण त्या आठवड्यात मी सूक्ष्मदर्शकाजवळ फिरकले नाही. नंतर मोठ्या डॉक्टरांनीच बोलावून सांगितलं. निळं होतं, बरंच होतं, पण लाल अजून जास्त होतं.

बाबांनी घरी आल्यावर विचारलं, "डाग गेले का?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "भिंत हळूहळू उतरेल. थोडे डाग विरतील. जिथं स्नायू मरून डाग बसलाय, तिथला राहणार. त्यावर औषध नाही अजून."

"उंदरांना हाय ना?"

"हो."

"आसू दे," ते म्हणाले. "त्यांना तरी हाय."

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज रक्त पातळ करायची गोळी घ्यायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, मार लागू द्यायचा नाही, कुठं आपटायचं नाही, आत रक्तस्राव झाला तर थांबायचा नाही. या गोळीचं खातं आईनं स्वतःकडे घेतलं. बाबांचा चहा मात्र पुन्हा पूर्वपदावर गेला. माणूस बरा झाला की त्याची पत उतरते, घरोघरी हेच.

पुढच्या बोहाड्याला काका पुन्हा आपले आपणच मेले. त्याच्या पुढच्याला डॉक्टरांनी परवानगी दिली, ती इतकीच की नाचा, पण दमेपर्यंत नको. कमिटीनं लाकडी मुखवट्याऐवजी कागदाच्या लगद्याचा हलका मुखवटा करून घेतला. मी आदल्या दिवशीच जाऊन बाबांना दहा वेळा बजावलं, "पडायचं नाही."

"आता कशाला पडंन?" ते म्हणाले.

खरंच पडले नाहीत. सकाळभर दारोदार फिरले, ओवाळून घेतलं, पटांगणात आले. संबळ चढला. बाबा गिरक्या घेत होते आणि मी श्वास धरून त्यांचे पाय बघत होते. त्यांनी तलवारी उगारल्या आणि काकांना असं मारलं की विचारू नका. काकांनीही कसर ठेवली नाही. ते कोसळले, उठले, पुन्हा कोसळले, पाय झाडले, डरकाळी फोडली, सगळी राहिलेली वर्षं वसूल केली आणि मग कुठं मेले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझा बाप उभा होता, आणि दमलेलासुद्धा नव्हता.

पण लोक जाईनात. महिषासुर मेला, साल नीट जाणार, सगळं यथासांग झालं, तरी कोणी हलेना. बायका ताटं घेऊन तशाच उभ्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, "औंदा देवी आलीच नाय." दुसरा म्हणाला, "डाक्टरनं झडप बदलली ना, वाट बंद झाली." एक म्हातारी पुढे येऊन बाबांच्या मुखवट्याकडे बघत राहिली. काही विचारायचं होतं तिला, पण शुद्धीवरच्या माणसाला काय विचारणार?

बाबा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी आधी एक गुडघा टेकला. मग दुसरा. मग डावा हात जमिनीला लावून, तलवारी बाजूला ठेवून, जेवण झाल्यावर वामकुक्षीला कलंडावं तसे ते उजव्या कुशीवर आडवे झाले.

"आली! आली!" गाव ओरडलं.

मी धावले. मेलेल्या काकांनी एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. मी बाबांचं मनगट धरलं. नाडी कशी? धावून आलेल्या दांडग्या पोराच्या नाडीसारखी, ठणठणीत. मुखवट्याच्या आतून बारीक आवाज आला, "बोंबलू नको. लोकं सकाळधरनं उन्हात उभी हायत गो."

मी रागानं लाल झाले. पडायचं नाही म्हणून सांगितलं होतं! तेवढ्यात गावच्या पाटलांनी मला विचारलं, "पोरी, तू शिकलेली, मुंबईत हृदयांचाच काम करतंस. तू सांग. हाय का देवी?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या रोगात माझं अर्धं शिक्षण गेलं, तो आता या मनगटात नव्हता, एवढंच मला खात्रीनं माहीत होतं. आणि हेही, की आतल्या भिंतीवरचे काही डाग कधीच जाणार नव्हते. मी घसा साफ केला.

"आहे," मी म्हटलं. "आली आहे."

आई सगळ्यांच्या आधी पुढे झाली. तिनं पदर डोक्यावरून घेतला, गुडघे टेकले आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. तिचे खांदे हलत होते. मग डोकं न उचलता, आम्हा तिघांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "हळू उठा. सकाळची गोळी घेतली नाय तुमी."